पगचं नाक आणि प्रवास

फ्लॅटसाठी आणि प्रवासासाठी कुत्रा निवडताना आकार पाहिला जातो, नाक क्वचितच. पग, शिह त्झू, फ्रेंच बुलडॉग या ब्रॅकिसेफॅलिक (आखूड कवटीच्या, चपट्या नाकाच्या) जाती आहेत. कुत्रा अंग गार करतो ते मुख्यतः धापा टाकून: नाकातोंडातल्या ओलाव्याची वाफ होते आणि तिच्यासोबत उष्णता जाते. माठाचंही तेच, त्याला बाहेरून ऑइलपेंट फासला की छिद्रं बुजतात, पाणी गार होत नाही. पगच्या नाकात ओला पृष्ठभाग मुळातच कमी, त्यात नाकपुड्या अरुंद. त्याचं घोरणं गोड वाटतं खरं, पण ती बहुधा अडलेल्या श्वासाची खूण असते. म्हणूनच अनेक विमान कंपन्या या जाती सामानकक्षात घेत नाहीत.

पग शांत असतो, थोड्या फिरण्यावर त्याचं भागतं, हा आक्षेप रास्तच. गार घरात तो उत्तम सोबती. मात्र मे महिन्यात एसी नसलेल्या गाडीतून जळगावला नेण्याचा तो प्राणी नव्हे. उलट जॅक रसेल टेरिअरचा श्वास मोकळा, पण कोल्ह्यामागे धावायला घडवलेली ही जात दोन खोल्यांत कोंडली तर सोफा फाडते. सतत प्रवास असेल तर लांब नाकाचा डॅशहंड बरा. फक्त त्याच्या पाठीला जिने सोसत नाहीत, तेव्हा इमारतीला लिफ्ट हवी.