तुळशीची मंजरी केव्हा खुडावी?

अंगणातील तुळस दोन-तीन वर्षांत काटकुळी होऊन वाळू लागली, की घरोघर पाण्यास दोष देतात. बहुधा दोष मंजरीचा असतो. बी धरू लागले म्हणजे झाडाचा जोर पानांकडे न जाता बीजाकडे वळतो. यास्तव मंजरी कोवळी असतानाच, तिच्याखालील पानांच्या जोडीच्या किंचित वर, नखाने खुडावी. तुळशीची पाने समोरासमोर येतात व प्रत्येकाच्या बगलेत एक डोळा असतो. म्हणून एका शेंड्याच्या जागी दोन फुटतात. मात्र जून, पर्णहीन लाकडावर कात्री चालवू नये. तेथून फूट क्वचितच येते. हे मी एक चांगले झाड घालवून शिकलो! रोपांसाठी एक-दोन मंजऱ्या झाडावरच वाळू द्याव्या; तळहातावर चोळल्या, की मोहरीहून बारीक बी हाती लागते.