विज्ञानकथा कशी लिहावी?



वार्षिकाकरितां तुम्ही ज्या विज्ञानकथा आणून देतां, त्यांपैकीं बहुतेक कथांत एक उडती तबकडी असते, परग्रहावरील एक दुष्ट राजा असतो, आणि संकट शिगेला पोहोंचलें म्हणजे नायक खडबडून जागा होतो; सारें स्वप्नच ठरतें! अशा गोष्टी लिहिण्यांत पाप नाहीं. परंतु त्या विज्ञानकथा नव्हत. त्या परीकथाच होत. फक्त परीच्या छडीच्या जागीं यंत्र आलेलें असतें. मग विज्ञानकथा कशास म्हणावें, याचा थोडा विचार करूं.

विज्ञानकथा एका प्रश्नावर उभी असते: ‘अमुक झालें तर?’ लेखकानें वाचकापाशीं एक कल्पना मागून घ्यावी आणि वाचकानें ती उदारपणें द्यावी. पण त्यानंतर लेखकास दुसरी सवलत नाहीं. त्या एका कल्पनेपासून जें जें ओघानें येईल, तें त्यानें पत्करलेंच पाहिजे. मग तें नायकाच्या सोयीचें असो वा नसो. भूमितींत आपण गृहीत मांडतों व पायरीपायरीनें सिद्धतेकडे जातों, त्यांतलाच हा प्रकार आहे.

याचें उत्तम उदाहरण आपल्या शेजारच्या कोल्हापुरांत जन्मलेले शास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेंत सांपडतें. १७६१ सालीं पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली व मराठी सैन्याचा धीर खचला, हें तुम्हांस ठाऊक आहे. कथेंत पालट एवढाच कीं, ती गोळी विश्वासरावांच्या कानाजवळून निघून जाते. बस्स! मराठे लढाई जिंकतात, कंपनी सरकारचा पसारा थोड्या ठिकाणांपुरता उरतो, आणि अशा निराळ्याच हिंदुस्थानांत इतिहासाचे एक प्राध्यापक जाऊन पडतात. पालट एका गोळीचा. परंतु त्याचे परिणाम शेवटपर्यंत निभावलेले आहेत.

नारळीकरांनीं १९७४ सालीं मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेस ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली, ती स्वतःच्या नांवानें नव्हे. आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून त्यांनीं ‘नारायण विनायक जगताप’ हें नांव घेतलें, आणि हस्ताक्षर ओळखूं येऊं नये म्हणून कथा पत्नीकडून लिहवून घेतली. कथेस पहिलें पारितोषिक मिळालें. पुढें १९७५ सालीं आपल्याच कृष्णेच्या कांठीं, कऱ्हाड येथें भरलेल्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवत यांनीं या नव्या लेखनाची आवर्जून दखल घेतली. कथा नांवाच्या नव्हे, स्वतःच्या बळावर उभी राहावी, हा त्यांतील धडा.

विज्ञानांत चूक होईल, या भीतीनें मात्र लेखणी खालीं ठेवूं नका. ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकानें १८६५ सालच्या आपल्या कादंबरींत प्रवाशांना प्रचंड तोफेंतून चंद्राकडे उडविलें. इतका वेग एकाएकीं मिळाल्यास आंतील माणसें जागच्या जागीं चिरडलीं जातील, हा दोष खरा. तथापि पृथ्वीची ओढ सोडण्यास किती वेग लागेल, याचा हिशेब त्यानें मांडला होता. हिशेब करून झालेली चूक दुरुस्त करतां येते; ज्यानें हिशेबच केला नाहीं, त्याची चूक शोधावी तरी कोठें?

आतां आपल्या गांवचेंच एक उदाहरण घेऊं. एप्रिल १९१६ मध्यें नव्हे, तर अगदीं अलीकडे, एप्रिल २०१६ मध्यें, तहानलेल्या लातूरकरांसाठीं मिरजेच्या स्थानकांतून पाण्याची आगगाडी निघाली. पहिल्या खेपेस दहा वाघिणींतून सुमारें पांच लाख लिटर पाणी गेलें. समजा, एखाद्या मिरजकरानें हवेंतील बाष्प शोषून त्याचें पाणी करणारें महायंत्र उभारलें. ही झाली तुमची एक कल्पना. आतां प्रश्न विचारा. यंत्रास वीज कोठून येणार? बाष्पाचें पाणी होतांना उष्णता बाहेर पडते. ती गांवास सोसेल काय? पावसाळ्यांत वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. मिरजेनें त्यांतलें बाष्प काढून घेतलें, तर पूर्वेच्या जत तालुक्यांत पावसाचें काय होईल? आणि त्या यंत्राची कळ ज्याच्या हातीं आहे, त्याचीच आत्या जतकडे शेती करीत असेल तर?

पाहा, येथें यंत्र मागें सरलें आणि माणूस पुढें आला! गोष्ट येथूनच सुरू होते. विज्ञान प्रश्न उभा करतें. कळ दाबावी कीं न दाबावी, हें मात्र माणसासच ठरवावें लागतें.

म्हणून आरंभींच यंत्राची लांबलचक माहिती देऊं नका. पात्रांच्या कृतींतून ती उलगडूं द्या. परदेशी नांवें व शहरें उसनीं आणूं नका. आपली पेठ, आपलें स्थानक, आपली नदी पुरेशी आहे. शंका आल्यास विज्ञानाच्या शिक्षकांस विचारा. आणि शेवटीं कथा घरीं आईवडिलांस मोठ्यानें वाचून दाखवा. पालकांनींही कौतुक करून थांबूं नये; ‘मग पुढें त्या आत्याचें काय झालें?’ असें अवश्य विचारावें. त्या प्रश्नाचें उत्तर तुमच्यापाशीं असेल, तर कथा वार्षिकाकडे पाठविण्यास खुशाल आणा.