मेलसोबतची फाइल उघडेना, तेव्हा…



माती परीक्षणाचा अहवाल, बँकेचा खातेउतारा, पीक विम्याची पावती असे कामाचे कागद आता टपालाऐवजी ई-मेलने येऊ लागले आहेत. मेल येते, खाली फाइल जोडलेली दिसते, पण बटण दाबले तरी ती काही उघडत नाही. मग आपण दहा वेळा बटण दाबतो, नाहीतर ‘कॉम्प्युटरच बिघडला’ म्हणून उठतो. कॉम्प्युटर बहुधा ठणठणीत असतो.

प्रथम फाइल मेलमधूनच न उघडता उतरवून घ्यावी. रेंज मध्येच गेली तर फाइल अर्धवट उतरते, आणि अर्धी फाइल उघडत नाही. पुन्हा उतरवली की काम भागते.

तरीही अडली तर नावाचे शेपूट पाहावे. टिंबानंतरच्या तीन-चार अक्षरांवरून फाइलीची जात कळते. विंडोजमध्ये हे शेपूट झाकलेले असते. फोल्डरच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर खूण केली की दिसू लागते. पीडीएफ असेल तर ती क्रोम किंवा एज ब्राउझरमध्येही उघडते. वर्डने २००७ साली डीओसीएक्स ही नवी जात आणली, ती त्याआधीच्या वर्डला वाचता येत नाही. फुकट मिळणारे लिबरऑफिस घालून घ्यावे. मुलाने आयफोनवरून उसाच्या तांबेऱ्याचा फोटो पाठवला आणि शेपूट एचईआयसी असले, तर तोच फोटो जेपीजी करून मागवावा.

काही फाइली मुद्दाम कुलूपबंद असतात. ई-आधारची किल्ली म्हणजे इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरे, मोठ्या लिपीत, आणि लगेच जन्मसाल. नाव गणपत, जन्म १९६२, तर ‘जीएएनपी१९६२’. स्पेलिंग मात्र आधारवर छापले असेल तेच. बँकेच्या उताऱ्याची किल्ली कशी बनवायची ते बहुतेक त्याच मेलमध्ये लिहिलेले असते. आपण मेल वाचायच्या आधीच फाइलीवर तुटून पडतो, त्याला काय करावे!

आता आपल्या मराठीचे दुखणे. फाइल उघडते, पण आत अक्षरांची नुसती खिचडी. मजकूर शिवाजी किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टात टाइप केलेला असतो आणि तो फॉन्ट आपल्या कॉम्प्युटरवर नसतो. आपण कितीही खटपट केली तरी व्यर्थ. पाठवणाऱ्याला सांगावे, ‘बाबा, पीडीएफ करून पाठव, नाहीतर युनिकोडमध्ये टाइप कर.’ पीडीएफ करताना फॉन्ट सहसा फाइलीबरोबरच बांधला जातो. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ सालापासून आहे. कचेऱ्यांनी अजून जुन्या फॉन्टांना कवटाळून बसावे याचे नवल वाटते.

एक जात मात्र उघडत नसेल तर बरेच आहे. शेपूट ईएक्सई किंवा एपीके असेल तर तो कागद नव्हेच. तो कॉम्प्युटरवर किंवा मोबाइलवर बसणारा प्रोग्रॅम आहे. नाव ‘ऊसबिल.पीडीएफ.ईएक्सई’ असेल आणि शेपूट झाकलेले असेल, तर आपल्याला नुसते ‘ऊसबिल.पीडीएफ’ दिसते. शेपूट उघडे ठेवा म्हणतो ते यासाठी. लग्नपत्रिका म्हणून एपीके पाठवून बँक खाती रिकामी केल्याचे प्रकार २०२४ साली उघडकीस आले. अशी फाइल ओळखीच्या नंबरावरून आली तरी पुसून टाकावी, आणि पाठवणाऱ्याला फोन करून विचारावे. चुकून दाबली गेलीच आणि पैसे गेले, तर सकाळची वाट न पाहता १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करावा आणि बँकेला कळवून खाते थांबवावे.