जाम बोल्ट: सोडायचं हत्यार वेगळं, आवळायचं वेगळं

"पाइप लाव, वजन टाक, सुटेल." भोसरीच्या गाळ्यापासून चाकणच्या प्रेस शॉपपर्यंत मेंटेनन्सवाल्यांच्या तोंडी हे वाक्य असतंच. बऱ्याचदा बोल्ट सुटतोही, म्हणून हा सल्ला टिकून आहे. १९६६ मध्ये टेल्को पुण्यात आली, पुढे चाकणला बजाज, फोक्सवॅगन, महिंद्र आले. या मोठ्या कारखान्यांच्या असेंब्ली लाइनवर आज इलेक्ट्रिक नटरनर महत्त्वाच्या बोल्टचा टॉर्क आणि कोन दोन्ही नोंदवून ठेवतात. त्यांनाच माल पुरवणाऱ्या छोट्या गाळ्यात मात्र मशीनचे बोल्ट अजून पाना, पाइप आणि अंदाज यांवर चालतात. काम करणाऱ्याचा हात तिथेही तितकाच कसबी असतो. हत्यार कशासाठी आहे, हे त्याला कोणी नीट सांगितलेलं नसतं.

"जितका जोर, तितका बोल्ट घट्ट"

सगळ्या चुकांचं मूळ इथे आहे, म्हणून यावर थोडं थांबू. आवळताना बोल्ट स्प्रिंगसारखा किंचित ताणला जातो आणि त्या ताणामुळे दोन भाग एकमेकांवर दाबून राहतात. आपल्याला हवा असतो तो हा दाब. पान्यावर लावलेल्या जोरातला साधारण निम्मा डोक्याखालच्या घर्षणात जातो, सुमारे ४० टक्के आट्यांच्या घर्षणात जातो. बोल्ट ताणायला उरतात जेमतेम १० टक्के. म्हणजे घर्षण थोडं जरी बदललं, तरी दाब भलताच बदलतो.

एम-१६ चा १०.९ ग्रेडचा बोल्ट घ्या. कायमचा न लांबता तो सुमारे १३० किलोन्यूटन, म्हणजे १३ टनांच्या आसपास ताण सोसतो. त्याच्या पाऊण हिश्शापर्यंत, म्हणजे साधारण १० टनांपर्यंत ताणायचा तर कोरड्या आट्यांवर ३१० न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क लागतो. आता आट्यांना ऑइल लावा आणि टॉर्क तोच ठेवा. घर्षण घटतं आणि ताण थेट १३ टनांच्या काठावर जातो. मोलिब्डेनमचं ग्रीस लावलं तर त्याही पुढे. बोल्ट लांबतो, वरून काहीच दिसत नाही, आणि काही आठवड्यांनी तुटला की "माल हलका होता" असं म्हटलं जातं. म्हणून तक्त्यातला आकडा वाचताना तो कोरड्या आट्यांचा आहे की ऑइल लावलेल्या, हे आधी पाहायचं.

पाइपचंही असंच. ७० किलोचा माणूस एक मीटर पाइपच्या टोकावर उभा राहिला तर जवळपास ६९० न्यूटन-मीटर टॉर्क होतो. एम-१२ च्या ८.८ ग्रेडच्या बोल्टला लागतो ९० च्या आसपास. आवळायला पाइप लावणं म्हणजे बोल्ट तोडायची तयारीच. सोडायला लावायचा असेल तरी तो रॅचेटवर कधीच नको, आतले दाते मोडतात. त्यासाठी लांब दांड्याचा पॉवर बार मिळतो. सहा कोनी गोटी (सॉकेट) घ्या, कारण बारा कोनी गोटी गंजलेल्या डोक्याचे कोपरे खाते. फिक्स पाना दोनच बाजूंना धरतो, तो शेवटचा पर्याय. आणि दांडा शक्यतो स्वतःकडे ओढायचा. ढकलताना बोल्ट अचानक सुटला तर मुठीची हाडं समोरच्या लोखंडावर आपटतात.

"इम्पॅक्ट गनने आवळलं की काम पक्कं"

जाम बोल्ट सोडायला इम्पॅक्ट गनसारखं हत्यार नाही. तिच्यातला हातोडा ऐरणीवर मिनिटाला शेकडो घाव घालतो, त्या हादऱ्यांनी गंजाची पकड तुटते आणि हाताला पीळही बसत नाही. आधी किंचित आवळून मग उलटं फिरवलं, असं दोन-चार वेळा केलं, तर हट्टी बोल्टही हलतो.

आवळताना मात्र हीच गन आंधळी असते. किती टॉर्क गेला हे हवेचा दाब, ट्रिगर किती सेकंद दाबला, एक्स्टेन्शन किती लांब आणि गोटी किती सैल यांवर ठरतं. चाकण-तळेगाव रस्त्यावरच्या टायरच्या दुकानांत एक इंची गन ट्रकच्या व्हील नटवर धडधडताना पाहा. नट बसल्यावरही गन चालूच असते. अशा गनची ताकद सहज हजार न्यूटन-मीटरच्या वर असते आणि ट्रकच्या नटला लागतात साधारण सहाशेच्या आसपास, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. परिणाम भोगतो तो ड्रायव्हर. रात्री नाशिक हायवेवर पंक्चर झालं की त्याच्या पान्याने तो नट हलत नाही, किंवा ताणलेला स्टड तिथेच तुटतो. मला या प्रकाराचा मनापासून राग येतो, कारण उपाय सोपा आहे. गनने नट फक्त टेकवायचे, शेवटचा टॉर्क टॉर्क रेंचने, समोरासमोरचे नट घेत द्यायचा, आणि ५० ते १०० किलोमीटर धावल्यावर पुन्हा तपासायचा.

गनबद्दल दुसरी तक्रार असते, "जुनी झाली, ताकद गेली." पुष्कळदा दोष हवेचा असतो. बहुतेक गनना चालू असताना तोंडाशी सुमारे ६.३ बार दाब लागतो. कॉम्प्रेसरच्या घड्याळात ८ दिसतात, पण बारीक आणि लांबलचक नळीतून येता येता दाब कधीच पडलेला असतो. ट्रिगर दाबलेला ठेवून गनपाशी दाब मोजा, नळी जाड करा, पावसाळ्यात टाकीतलं पाणी रोज काढा, दोन थेंब एअर टूल ऑइल टाका. नवी गन घेण्याआधी एवढं करून पाहाच.

"गोटी ती गोटी"

नाही. चकचकीत क्रोमची गोटी हाताच्या पान्यासाठी असते, ती कडक आणि पातळ असते. गनच्या घावांनी ती तडकते आणि तुकडा डोळ्यात जाऊ शकतो. गनसाठी काळी, जाड भिंतीची इम्पॅक्ट गोटी येते, तिला पिन आणि रबरी रिंगसाठी आरपार भोक असतं. ती पिन न लावता काम करणारे बरेच दिसतात.

"टॉर्क रेंच म्हणजे महागडा पाना"

क्लिक करणारा टॉर्क रेंच हे मोजायचं साधन आहे. त्याने बोल्ट सोडायचा नाही, त्याला पाइप लावायचा नाही, आणि एकदा 'कट' वाजलं की थांबायचं. खात्रीसाठी पुन्हा दोनदा वाजवणाऱ्यांचा बोल्ट ठरल्यापेक्षा जास्त आवळला जाऊ शकतो. काम संपलं की सेटिंग सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवायचं, नाहीतर आतली स्प्रिंग थकते. वर्षातून एकदा किंवा सुमारे ५,००० वापरांनंतर कॅलिब्रेशन करायचं. रेंचवरचं कॅलिब्रेशनचं स्टिकर नुसतं ऑडिटसाठी असतं असं समजू नका. आणखी एक, जुन्या मिस्त्रींच्या तोंडी "१० केजीचा टॉर्क" असतो, म्हणजे १० किलोग्रॅम-मीटर, सुमारे ९८ न्यूटन-मीटर. रेंचवर कुठलं एकक छापलंय ते आधी पाहा.

"मोठ्या बोल्टला मोठाच दांडा लागतो"

प्रेसच्या पायाचे किंवा क्रेनच्या गिअरबॉक्सचे बोल्ट हजार-दोन हजार न्यूटन-मीटर मागतात. तिथे दोन मीटरचा पाइप आणि तीन माणसं लावण्यापेक्षा टॉर्क मल्टिप्लायर घ्या. त्याच्या आत प्लॅनेटरी गिअर असतात. पाचास एकचा मल्टिप्लायर असेल तर २०० लावल्यावर जवळपास १,००० मिळतात, थोडं गिअरच्या घर्षणात जातं. एकटा माणूस, छोटा दांडा, ताबा पूर्ण. फक्त त्याचा रिअॅक्शन आर्म कशाला तरी भक्कम टेकवावा लागतो, आणि तो टेकतो तिथे बोट असेल तर बोट जातं. याहून मोठ्या कामाला ७०० बारवर चालणारा हायड्रॉलिक रेंच असतो. तो विकत घेण्याऐवजी शटडाऊनपुरता भाड्याने आणणं बहुतेकांना परवडतं.

"घासलेट मारा, नाहीतर गॅस लावा"

घासलेटच्या जागी मारलं जाणारं डब्ल्यूडी-४० हे १९५३ मध्ये पाणी हटवून गंज रोखण्यासाठी तयार झालं. खूप गंजलेल्या आट्यांत शिरायला खास पेनिट्रेटिंग ऑइल जास्त कामाचं, आणि त्याला वेळ द्यावा लागतो. संध्याकाळी मारून, डोक्यावर हातोडीचे हलके घाव घालून, सकाळी पाना लावा. लाल लॉकटाइट लावलेला बोल्ट मात्र तेलाने सुटत नाही, त्याला २५० अंशांच्या आसपास उष्णता लागते.

गॅस लावायचाच तर नटला लावा. नट फुगतो आणि पकड ढिली होते. जवळ ग्रीस, डिझेल, केबल किंवा सील नाही ना, हे आधी बघा. ८.८ आणि १०.९ ग्रेडचे बोल्ट कारखान्यात किमान ४२५ अंशांवर टेंपर केलेले असतात. ज्योतीने लाल केलेला बोल्ट त्याहून कितीतरी जास्त तापलेला असतो आणि त्याची ताकद गेलेली असते. आटे चांगले दिसले तरी तो पुन्हा लावायचा नाही. त्या ग्रेडचा नवा बोल्ट आणि नवा नट आणा, जुना मधोमध कापून भंगारात टाका, म्हणजे दुसऱ्या शिफ्टमधला कोणी तो उचलून लावणार नाही.