विष आधी की औषध आधी?

काविळीवर भुईआवळीचा रस देणारी माणसं आजही गावोगावी भेटतात. त्यांच्याकडे गुण येतो, हेही खरं. पण हिपॅटायटिस ‘ए’ किंवा ‘ई’ची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपणहून उतरते. त्यामुळे श्रेय रसाचं की शरीराचं, हे नुसत्या अनुभवावरून ठरत नाही.

प्रयोगशाळेत हा प्रश्न उंदरांवर सोडवतात. त्यांना कार्बन टेट्राक्लोराइड देतात. यकृतातलं एक विकर त्या रसायनापासून मुक्त मूलकं तयार करतं, पेशींची आवरणं फाटतात आणि यकृताच्या इजेची खूण असलेलं रक्तातलं ‘एएलटी’ चढतं. अर्क घेतलेल्या उंदरांत ते कमी चढलं, की वनस्पती ‘यकृतरक्षक’ ठरते. कुटकी, कालमेघ, पुनर्नवा या सगळ्या या परीक्षेला उतरल्या आहेत. मेख आहे ती वेळापत्रकात. अशा बऱ्याच प्रयोगांत अर्क विषाच्या आधीच दिलेला असतो. त्या विकराचं काम मंदावणारा कोणताही पदार्थ इथे पास होऊ शकतो. रुग्ण मात्र डॉक्टरकडे येतो तो यकृत बिघडल्यावर.

विषानंतरही उपयोगी पडू शकेल असं एक उदाहरण युरोपात आहे. तिथल्या ‘डेथ कॅप’ अळंबीतलं अमानिटिन यकृताच्या पेशीत शिरून प्रथिनं बनवण्याचं कामच थांबवतं. पित्तातून ते आतड्यात उतरतं आणि तिथून पुन्हा यकृताकडे येतं. भूमध्य समुद्राकाठच्या मिल्क थिसल या काटेरी झाडाच्या बियांतलं सिलिबिनिन अमानिटिनचं पेशीत शिरण्याचं द्वार अडवतं, म्हणून ते शिरेतून देतात. काटेकोर तुलनात्मक चाचणी मात्र या उपचाराचीही झालेली नाही. त्याच बियांचं सिलिमरिन हिपॅटायटिस ‘सी’च्या 154 रुग्णांवर तपासलं गेलं, 2012 साली निकाल आला, तेव्हा ते नकली गोळीहून सरस ठरलं नाही.

भुईआवळीची कथाही अशीच. 1988 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मद्रासचा अभ्यास छापून आला. भुईआवळी घेतलेल्या हिपॅटायटिस ‘बी’च्या 37 वाहकांपैकी 22 जणांच्या रक्तातून विषाणूचं पृष्ठभागीय प्रतिजन गेलं होतं, नकली औषध घेणाऱ्या 23 जणांत फक्त एकाचं. नोबेल मिळवणारे बारुख ब्लूमबर्ग या संशोधनात सहभागी होते. पुढे इतरत्र झालेल्या चाचण्यांत तसं यश काही हाती लागलं नाही.

गुळवेलीनं तर उलटाच धडा दिला. करोनाकाळात प्रतिकारशक्तीसाठी घरोघरी तिचे काढे उकळू लागले. 2021 साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांतल्या यकृतदाहाची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. पुढे देशातल्या अनेक रुग्णालयांतून तशाच नोंदी आल्या.

म्हणून ‘लिव्हर टॉनिक’ची बाटली घेताना विचारावं: कोणत्या विषावर, विषाच्या आधी की नंतर, उंदरांत की माणसांत? आणि कावीळ झालीच, तर घरात चालू असलेल्या काढ्याचं नाव डॉक्टरांना सर्वांत आधी सांगावं.