हवा कमी, ताप जास्त!

मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांच्या वर सहज चढतो. हा झाला सावलीतल्या हवेचा आकडा. भर दुपारी डांबरी रस्ता तर 60 अंशांच्याही पुढे जातो. त्यावर अनवाणी पाय ठेवायची आपली छाती होणार नाही. पण गाडीचे चार टायर त्यावरून तासन्‌तास पळत असतात!

उन्हाळ्यात टायर फुटल्याच्या बातम्या आल्या की कुणीतरी सल्ला देतंच, "उन्हात हवा फुगते, म्हणून टायरात हवा जरा कमीच ठेवा." पटण्यासारखं आहे ना? पण गंमत म्हणजे हा सल्ला अगदी उलटा आहे!

हवा तापली की टायरमधला दाब वाढतो, हे खरंच. कोंडलेल्या हवेचे रेणू सतत धावत असतात आणि टायरच्या आतल्या बाजूवर आपटत असतात. तापले की ते आणखी जोरात आपटतात. पंक्चरवाले काका "तेहतीस हवा भरली" म्हणतात, तेव्हा तो दाब असतो 33 पीएसआय. सकाळी 25 अंशांना 33 असलेला दाब टायर 65 अंशांपर्यंत तापला की साधारण 39 होतो. चांगला टायर एवढं सहज सोसतो. तो बनवतानाच या वाढीचा विचार केलेला असतो.

मग खरा गुन्हेगार कोण? कमी हवा!

चालत्या गाडीचा टायर नीट बघा. रस्त्याला टेकलेला भाग किंचित चपटा होतो, वर गेला की पुन्हा गोल. ताशी 100 किलोमीटर वेगात चाक एका सेकंदात 14-15 वेळा फिरतं. म्हणजे टायरचा प्रत्येक भाग सेकंदाला तितक्या वेळा दबतो आणि सुटतो. रबर दाबायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढी सगळी ते परत देत नाही. थोडी स्वतःकडेच ठेवतं, उष्णतेच्या रूपात. स्क्वॉशचे खेळाडू सामन्याआधी रबरी चेंडू भिंतीवर मारमारून गरम करतात, ते याच गुणाच्या जोरावर.

हवा कमी असेल तर टायर जास्त चपटा होतो, त्याच्या बाजू जास्त वाकतात आणि उष्णताही जास्त तयार होते. त्यात वरून ऊन, खालून तापलेला रस्ता, डिकीत सामान, मागच्या सीटवर चौघं आणि भरधाव वेग! उष्णता बाहेर पडायला वावच मिळत नाही. टायर म्हणजे नुसतं रबर नव्हे. आत धाग्यांचे आणि पोलादी तारांचे थर असतात. फार तापले की हे थर एकमेकांपासून सुटू लागतात, आणि मग... फट्ट!

तसं रबराचं आणि उन्हाचं वैर जुनंच. पूर्वी रबराच्या वस्तू उन्हाळ्यात चिकट व्हायच्या आणि थंडीत कडक होऊन तडकायच्या. चार्ल्स गुडइयर या अमेरिकन माणसाने रबरात गंधक मिसळून ते तापवलं, तेव्हा कुठे ते टिकाऊ झालं. 1844 मध्ये त्याला या युक्तीचं पेटंट मिळालं. आजचे टायरही अशाच रबराचे असतात.

आता सुट्टीत गावाला निघण्याआधी एक काम तुमचं. ड्रायव्हरचं दार उघडा. बहुतेक गाड्यांत दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतो. टायरात किती हवा हवी, ते त्यावर लिहिलेलं असतं. गाडी माणसांनी आणि सामानाने भरली असेल तर त्यासाठी कधीकधी वेगळा आकडाही असतो. हा आकडा थंड टायरचा. म्हणून हवा सकाळी, गाडी पळण्याआधी तपासायची. वाटेत गरम टायरचा दाब वाढलेला दिसला, तरी हवा सोडायची नाही. नाहीतर टायर गार झाल्यावर हवा कमी पडेल, आणि पुढचं तुम्हाला माहीतच आहे! आणि हो, स्टेपनी तपासायलाही विसरू नका.