उदरातील वायू आणि त्याची वेळ
पचनविचार : लेखांक सातवा

आम्लपित्ताचे विवेचन गेल्या आठवड्यात पुरे करताना वायूचा विषय राखून ठेवला होता, तो आता हाती घेतो. पोट डब्ब होणे, गुबारा धरणे, करपट ढेकरा येणे, जेवणानंतर तडस लागणे या तक्रारी कोल्हापुरातील क्वचितच एखाद्या घराला अपरिचित असतील; आणि त्या सर्वांना ‘गॅस झालाय’ या एकाच सदराखाली घालून, कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातून एखादी गोळी आणून, मामला निकालात काढण्याची वहिवाटही तितकीच सार्वत्रिक आहे. वस्तुतः या एका सदरात निदान तीन निरनिराळ्या घटना मोडतात. त्या वेगळ्या ओळखण्यास शेवटचा घास कोणता होता हे आठवून फारसे काही हाती लागत नाही. त्रास खाल्ल्यानंतर किती वेळाने सुरू झाला, ही नोंद मात्र पुष्कळ काही सांगून जाते.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की वायू हा मुळात विकार नाही. निरोगी मनुष्याच्या आतड्यांत कोणत्याही क्षणी सुमारे २०० मिलिलिटर वायू असतो, आणि दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर वायू दहा-वीस वेळा मिळून खालच्या मार्गाने बाहेर पडतो. नायट्रोजन, ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड, हायड्रोजन आणि मिथेन हे त्यातील पाच प्रमुख घटक सर्वस्वी गंधहीन असून, ज्या दुर्गंधीमुळे माणूस चारचौघांत संकोचतो ती शेकडा एक अंशाहूनही कमी असलेल्या गंधकयुक्त वायूंची असते. यांपैकी हायड्रोजन मनुष्याच्या स्वतःच्या पेशी निर्माणच करीत नाहीत. तो केवळ आतड्यातील जंतूंची निर्मिती होय, आणि त्याचा काही अंश रक्तात मिसळून श्वासावाटे बाहेर येतो. मायकेल लेव्हिट या अमेरिकन संशोधकाने १९६९ साली या विषयावर महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला, आणि पुढे रुग्णाचा श्वास तपासून न पचलेले अन्न मोठ्या आतड्यात केव्हा पोचले याचा अदमास बांधण्याची रीत वैद्यकात रुजली.

जेवताना किंवा जेवण उरकताक्षणीच पोट फुगले, ढेकरांवर ढेकरा येऊ लागल्या, तर ती बहुतांशी गिळलेली हवा समजावी. घाईघाईने जेवणे, घास तोंडात असताना बोलणे, कढत चहाचे फुरके मारणे, तंबाखू चघळणे, जेवणावर बाटलीतील सोडा पिणे या सवयींनी हवा वा तयार वायू जठरात जातो. खाण्याचा सोडा पाण्यात घालून घेणाऱ्यास त्यानंतर ढेकर येते आणि बरे वाटते हे खरे. परंतु ती ढेकर बव्हंशी त्या सोड्याची आणि जठरातील आम्लाची गाठ पडून नव्याने जन्मलेल्या कार्बन डायऑक्साइडची असते, जुन्या दुखण्याची नव्हे.

दुसरा प्रकार उशिरा प्रकट होतो, आणि त्याचा उलगडा करण्यास आपल्या मिसळीइतके उत्तम उदाहरण नाही. मटकी, वाटाणा, हरभरा यांत रॅफिनोज व स्टॅकिओज या जातीच्या शर्करा असतात. त्या तोडणारे पाचकद्रव्य मनुष्याच्या लहान आतड्यात नसल्यामुळे त्या जशाच्या तशा मोठ्या आतड्यात उतरतात, आणि तेथील जंतू त्या आंबवून वायू तयार करतात. आता मिसळीचे ताट नीट पाहावे. मटकी रात्रभर भिजवून, पाणी ओतून देऊन, फडक्यात बांधून मोड आणलेली असते; आणि मोड येताना बियाणे या शर्करा स्वतःच्या वाढीसाठी खर्ची घालत असल्याने मटकीचा उपद्रव आधीच बराच उतरलेला असतो. फरसाण मात्र हरभऱ्याच्या कोरड्या पिठाचे. ते पीठ ना भिजलेले, ना मोड आलेले. त्यातील शर्करा तळणीतही बऱ्याच टिकून राहतात. त्यावर मूठभर कच्चा कांदा, कटात कांदा-लसणाचा मसाला, सोबतीला गव्हाचा ब्रेड. या तिन्हींत फ्रुक्टान नावाचे, तितकेच न पचणारे द्रव्य असते. वर तेलाचा तवंग जठराला सावकाश रिकामे होऊ देतो, आणि तिखट आतड्याची संवेदना चाळवते. परिणामी सकाळी नऊ वाजता खाल्लेल्या मिसळीचा वायू दुपारी एक-दोनच्या सुमारास, कधी त्याहूनही उशिरा, जोर धरतो. आणि मग गृहस्थ त्याचा दोष दुपारच्या निरुपद्रवी आमटी-भातावर ठेवून मोकळे होतात. वास्तविक भात हा धान्यांतील सर्वांत निर्दोष. त्यातील पिष्ट जवळजवळ पूर्णपणे वरच्या वरच शोषले जाते. म्हणून मिसळ वर्ज्य करा असे मी म्हणणार नाही. फरसाण निम्मे करावे, कांदा बेताने घ्यावा, आणि घास सावकाश चावून खावा, एवढ्यानेच पुष्कळांची दुपार सुखाची जाईल.

दुधाची हकीकत थोडी निराळी आहे. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशीची धार डोळ्यांदेखत पेल्यात पडते आणि तो फेसाळ पेला उभ्याउभ्या रिता होतो, हे या शहराचे एक रास्त भूषण आहे. परंतु दुधातील लॅक्टोज पचविणारे द्रव्य बहुसंख्य भारतीयांच्या आतड्यात बालपणानंतर ओसरत जाते. पाव लिटर दुधात सुमारे १२ ग्रॅम लॅक्टोज असते आणि एवढे बहुतेकांना सोसते. त्याहून मोठा पेला, तोही रिकाम्या पोटी, घेतल्यास काहींना एक-दोन तासांतच पोटात गुरगुर सुरू होते. तालमीतल्या पैलवानाला पचले म्हणून ते दुकानाच्या गादीवर दिवस काढणाऱ्यालाही पचावे, हा आग्रह गैर आहे. अशांनी दही किंवा ताक घ्यावे; विरजणातील जंतूंनी लॅक्टोज पचविण्याचा काही भार उचललेला असतो.

तिसरा प्रकार सर्वांत उपेक्षित. पुष्कळ रुग्णांच्या पोटात वायू इतरांइतकाच असतो, पण आतड्याची जाणीव तीव्र असल्याने तेवढाही असह्य होतो. काहींच्या बाबतीत तर जेवणानंतर श्वासपटल खाली उतरते आणि पोटाचे स्नायू सैल सुटतात, त्यामुळे सकाळी बसणारी साडी वा विजार संध्याकाळी आवळू लागते. ही तक्रार घेऊन आलेल्या स्त्रीला ‘तुमच्या मनाचे खेळ आहेत’ असे सांगून वाटेला लावणे हा मी अन्याय समजतो. मलावरोध असेल तर त्याचा बंदोबस्त आधी करावा, कारण साचलेल्या मळामागे वायूही अडतो.

उपायांत जेवणानंतरची शतपावली मी अग्रस्थानी ठेवीन. आडवे पडलेल्यापेक्षा ताठ उभ्या माणसाच्या आतड्यातून वायू लवकर पुढे सरकतो असे प्रयोगांत दिसले आहे. तेव्हा रात्री रंकाळ्यावर फेरी मारणाऱ्यांनी ती मोडू नये. हिंग, सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा, सैंधव, जिरे व शहाजिरे यांचे हिंगाष्टक चूर्ण तुपासह पहिल्या घासाबरोबर घेण्याची परंपरा आहे. त्याने बरे वाटत असेल तर अल्प प्रमाणात घेण्यास हरकत नसावी, मात्र रक्तदाब असणाऱ्यांनी त्यातील मिठाचा विचार करावा. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात जे तेरा वेग अडवू नयेत म्हणून सांगितले आहेत, त्यांत वायूचाही समावेश आहे, आणि हा उपदेश आजही यथार्थ आहे. आम्ल कमी करणारी गोळी मात्र आतड्यातला वायू कमी करीत नाही. ती महिनोन्‌महिने आपल्या मनाने घेत राहू नये.

वजन घटणे, शौचावाटे रक्त पडणे, पन्नाशीनंतर प्रथमच आणि सतत पोट फुगू लागणे, यांपैकी काहीही आढळल्यास तपासणी लांबवू नये. उलट्या होऊन मल आणि वायू दोन्ही अडल्यास तर तासही दवडू नये.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगावयाची आहे. हृदयविकाराचा झटका पुष्कळदा छातीत न दुखता पोटाच्या वरच्या भागात जडपणा, मळमळ आणि ढेकरा या रूपाने येतो, मधुमेह्यांत विशेषच. ढेकर येऊन क्षणभर हलके वाटले, एवढ्यावरून हृदय निर्दोष ठरत नाही. छातीत वा पोटाच्या तोंडाशी दाब, दरदरून घाम, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, चालताना धाप, यांतील काहीही असल्यास ओवा चावीत बसू नये, सोडा घेऊ नये, पहाट होण्याची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, किंवा थेट शहरातील सीपीआर रुग्णालय अथवा जवळचे जे रुग्णालय असेल ते गाठून हृदयाचा आलेख काढून घ्यावा. आलेख ठीक निघाला आणि डॉक्टरांनी घरी जाण्यास सांगितले, तर वायूचा विचार दुसऱ्या दिवशी सवडीने करता येईल.